पैसे पाण्यात

पैसे पाण्यात घालण्याचे मार्ग तीन, असं आमचे आजोबा सांगत. भाऊबंदांवर दावा लावणं, दुसऱ्याच्या शब्दावर म्हैस विकत घेणं आणि मेहुण्याला धंद्यासाठी भांडवल देणं. तिन्ही मार्ग त्यांनी स्वतः चालून पाहिले होते, त्यामुळे या विषयात घरात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. चौथा मार्ग मात्र त्यांच्या पणतवाने शोधून काढला. त्याने पैसे अगदी शब्दशः पाण्यात घातले.

हा पणतू म्हणजे माझा भाचा, ताईचा मुलगा. अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ राहतो. कॉम्प्युटरमध्ये आहे. (हल्ली प्रत्येक घराण्यातली निम्मी माणसं कॉम्प्युटरमध्ये असतात. आत नेमकं काय करतात ते विचारायचं नसतं.) वय बेचाळीस, एक बायको, एक मुलगी, आणि घराचे हप्ते अजून बावीस वर्षांचे. असा चोहोबाजूंनी बंदोबस्त झालेला गृहस्थ एके दिवशी मोटरबोटींच्या शर्यतीत उतरला, आणि ताईचा मला फोन आला.

"अरे, हा बोटी पळवायला लागलाय!"

आता आमच्या पिढीला बोट म्हटली की भाऊचा धक्का आठवतो. आम्हाला बोट लागते. आम्ही ती पळवत नाही. रेवस येईपर्यंत पोटातलं पोटात ठेवणं, एवढंच आमचं दर्यावर्दी कर्तृत्व. त्यातून मोटरबोटींची शर्यत म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे एक तर हिंदी सिनेमातला पळून जाणारा खलनायक येतो, नाही तर गार वुड येतात. हे गार वुड म्हणजे अमेरिकेतले बडे कारखानदार. ट्रकची पेटी उचलून माल ओतण्याच्या यंत्रावर त्यांनी अमाप पैसा मिळवला आणि तो बोटींवर ओतला. १९३२ साली त्यांच्या 'मिस अमेरिका टेन' या बोटीने ताशी १२४ मैलांचा वेग गाठला. त्या बोटीत पॅकार्ड कंपनीची विमानाची इंजिनं होती. एक नव्हे, चार! मुंबईत २०१७ सालच्या मार्चमध्ये मरीन ड्राइव्हसमोर बोटींची मोठी शर्यत झाली, तेव्हा कठड्यावर बसून दाणे खाणाऱ्या एकाही मुंबईकराला 'आपणही एखादी घेऊन टाकावी' असं वाटलं नसणार. काही खेळ बघायचेच असतात.

"तसलं नाही हो मामा," भाचा म्हणाला. "ती श्रीमंतांची शर्यत. आमची गरिबांची."

अमेरिकेतला गरीब म्हणजे ज्याच्या गॅरेजात दोनच मोटारी मावतात तो, हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, बोल.

तो जे बोलला ते थोडक्यात असं. बोटीच्या बाहेर, मागच्या फळीला अडकवायचं जे इंजिन असतं त्याला आउटबोर्ड म्हणतात. आपल्या कोकणातल्या होड्यांनाही आता ते दिसतं. ओले एव्हिनरूड नावाच्या गृहस्थाने १९०९ साली अमेरिकेत ते विकायला काढलं. तळ्यापलीकडून लाडक्या बाईसाठी वल्ही मारत आइस्क्रीम आणताना ते वितळून गेलं, म्हणून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. (आपल्याकडे अशा प्रसंगी माणूस आइस्क्रीम पिऊन टाकतो आणि शोध राहून जातो.) या इंजिनाखाली प्लायवूडची एक चपटी बोट घ्यायची. दोन माणसं उचलतील एवढी ती हलकी. तिला पुढे दोन बाजूंना दोन पावलं असतात. वेग घेतला की बोट त्या दोन पावलांवर आणि मागच्या पंख्यावर अशी तीन ठिकाणी जेमतेम पाण्याला टेकते, बाकीची हवेत. चालकाने तिच्यात गुडघे टेकून, वज्रासनाच्या जरा अलीकडच्या अवस्थेत, पुढे झुकून राहायचं आणि ताशी साठ-सत्तर मैलांनी डाव्या हाताला वळत वळत तळ्यात चकरा मारायच्या. बसायला जागा नाही. गिअर नाही. ब्रेक तर नाहीच नाही. इंजिन दोरी ओढून सुरू करायचं, आणि सुरू झालं की बोट निघाली. म्हणून कोणीतरी कंबरभर पाण्यात उभं राहून तिची शेपटी धरून ठेवावी लागते.

"आणि हे कोण धरतं?" मी विचारलं.

"बाबा," भाचा म्हणाला.

आमचे मेहुणे म्हणजे बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. एकोणसत्तर वर्षांचे. पावसाळ्यात पुण्याच्या रस्त्यावर डबकं दिसलं तरी रिक्षा करणारे. ते छातीपर्यंत रबरी विजार चढवून परदेशातल्या तळ्यात उभे राहतात, हे मी स्वतः गेल्या जुलैत तिथे जाऊन पाहीपर्यंत मला खरं वाटलं नव्हतं.

सिअ‍ॅटल हे तसं या वेडाचं माहेरघरच. १९५० साली तिथल्या 'स्लो-मो-शन फोर' नावाच्या बोटीने डेट्रॉइटला जाऊन गोल्ड कप जिंकून आणला, तेव्हापासून त्या गावाच्या अंगात आलेलं अजून पुरतं उतरलेलं नाही. त्या काळात तिथली पोरं लाकडाची खेळण्यातली बोट सायकलच्या मागे दोरीने बांधायची आणि रस्त्याने खडखडत ओढत न्यायची. हे ऐकल्यावर मला त्या गावाबद्दल आपुलकी वाटली. टायर काठीने पळवत आम्ही अख्खी आळी जागी करत असू, त्यातलाच प्रकार.

भाच्याने हा उद्योग सुरू केला तो मात्र वडिलांचा मुलगा शोभेल असा, वहीत हिशेब मांडून. पहिलं वर्ष त्याने बोट घेतलीच नाही. शनिवार-रविवारी शर्यतीच्या तळ्यावर जायचं आणि दिसेल त्याची बोट उचलू लागायची. जो माणूस सकाळी सातला दुसऱ्याची बोट उचलतो त्याला दुपारी तीनपर्यंत चार खरे सल्ले फुकट मिळतात, हा त्याचा अनुभव. मग नवशिक्यांसाठी क्लबचं एका दिवसाचं शिकवणी-वर्ग होतं ते केलं. तिथे क्लबच्याच बोटीत बसून, म्हणजे गुडघे टेकून, पाहिलं. आपल्या भागात ज्या गटाच्या बोटी जास्त, तोच गट धरायचा. नाही तर चषक मिळतो पण शर्यतीला दुसरा कोणी नसतो. आणि सुटं सुटं सामान जमवत बसायचं नाही. जो माणूस खेळ सोडतोय त्याच्याकडून बोट, इंजिन, पंखे, गाडीमागे जोडायचा गाडा, असं सगळं बिऱ्हाड एकदम घ्यायचं. साऱ्या बिऱ्हाडाला त्याला साडेतीन हजार डॉलर पडले. तिथल्या मानाने एखादी जुनी मोटारसायकल.

नवीन घेतल्या त्या फक्त जीव वाचवणाऱ्या वस्तू. हेल्मेट, लाइफ जॅकेट आणि केव्हलर नावाच्या चिवट धाग्याचे बाह्या-पायजमे. तो कपडा कशाला, म्हणून मी विचारलं. तर माणूस पाण्यात पडला आणि मागच्या बोटीचा पंखा अंगावरून गेला तर निदान कापला जाऊ नये म्हणून. ही माहिती त्याने ताईला दिलेली नाही. कृपया आपणही देऊ नये.

इथवर मला या प्रकरणात विशेष काही वाटलं नव्हतं. माणसं काय, कबुतरंही पाळतात. पण मग भाच्याने 'स्टॉक' या शब्दाचा अर्थ सांगितला आणि माझी झोप उडाली.

स्टॉक म्हणजे इंजिन कारखान्यातून जसं आलं तसंच्या तसं वापरायचं. घासून गुळगुळीत करायचं नाही, भोक मोठं करायचं नाही, काही हलकं करायचं नाही. तुमच्याकडे पैसा असो, अक्कल असो, रात्रभर जागायची तयारी असो. या बाबतीत तिचा उपयोग करायचा नाही. शिवाय बोट आणि चालक मिळून अमुक एक वजन भरलंच पाहिजे. शर्यत संपली की बोटीसकट काट्यावर उभं राहायचं. चालक किडकिडीत असेल तर त्याने बोटीत शिशाचे तुकडे ठेवावेत. (जाडेपणाला संपूर्ण समान हक्क देणारा हा एकच खेळ माझ्या पाहण्यात आहे.) बक्षीस म्हणून चषक, रोख काही नाही. पहिल्याला चारशे गुण, दुसऱ्याला तीनशे, तिसऱ्याला सव्वादोनशे, असं प्रत्येक पायरीला पाऊणपट होत जातं, आणि दोन फेऱ्यांची बेरीज करतात. म्हणजे एका फेरीत पहिला येऊन दुसऱ्या फेरीत बंद पडलेल्यापेक्षा दोन्ही फेऱ्यांत मुकाट्याने तिसरा येणारा वर जातो. मध्यमवर्गासाठी याहून न्याय्य गुणपद्धत मला तरी ठाऊक नाही.

आता बघा, या माणसांनी आपसांत काय ठरवलंय? 'मी माझ्या इंजिनावर जास्त पैसे खर्च करू शकतो, पण करणार नाही. कारण मी केले तर तुलाही करावे लागतील. मग दोघेही पूर्वीइतकेच पुढेमागे राहू, फक्त दोघांचेही खिसे रिकामे असतील.' हे वाक्य मी मनातल्या मनात तीनदा म्हटलं आणि मला आमची सोसायटी आठवली.

आमच्या सोसायटीत पहिलं लग्न झालं तेव्हा जिलबी आणि मठ्ठा होता. दुसऱ्या लग्नात त्यात आइस्क्रीम आलं. तिसऱ्यात पाणीपुरीचा वेगळा कोपरा. अकराव्या लग्नापर्यंत मजल अशी गेली की नवरदेव वर छताकडून खाली सोडण्यात आला. आता या सगळ्यात अधिक लग्न कोणाचं लागलं? पहिल्या जोडप्याचं जितकं लागलं तितकंच सगळ्यांचं. पण बाराव्या मुलीच्या बापाची झोप गेली, कारण जिलबी-मठ्ठा आता साधा बेत राहिलेला नाही. तो आता अपमान झाला आहे. त्याने खर्च केला नाही तर मुलीची हौस राहिली, आणि केला तर भविष्यनिर्वाह निधी गेला. तीच गोष्ट मुलांच्या क्लासची. एकाने दहावीत क्लास लावला, दुसऱ्याने आठवीत, तिसऱ्याने पाचवीत. नंबर सगळ्यांचे होते तिथेच. फक्त पाचवीतलं पोर आता संध्याकाळी खाली खेळायला येत नाही.

आपण म्हणतो, 'हौसेला मोल नसतं.' आणि दुसऱ्याच श्वासात म्हणतो, 'अंथरूण पाहून पाय पसरावेत.' या दोन म्हणींमध्ये आपलं सगळं आयुष्य चेंगरलेलं असतं. पण माझ्या मते दोन्ही म्हणी एकाच बाबतीत चुकतात. दोन्हींत माणूस एकटाच आहे. एकटाच हौस करतो, एकटाच अंथरुणावर पाय पसरतो. प्रत्यक्षात अंथरूण किती लांब हवं ते शेजारच्या अंथरुणावरून ठरतं. मला एखादी गोष्ट परवडते की नाही हे माझ्या पगारावर जेवढं अवलंबून, तेवढंच दुसरे काय करतात त्यावरही. मग काटकसर हा एकट्याने पाळायचा गुण उरतो कुठे? एकट्याने पाळला तर तो चिक्कूपणा. सगळ्यांनी मिळून पाळला तर तो नियम. त्या तळ्याकाठच्या मेकॅनिक, सुतार, शाळामास्तर मंडळींनी हे ओळखलं, आणि आमच्या सोसायटीत तीन डॉक्टर, एक प्राध्यापक आणि दोन चार्टर्ड अकाउंटंट असून कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मी हे मोठ्या उत्साहाने भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "हो, पण पंखे बघितलेत का?"

गॅरेजच्या भिंतीवर खिळ्यांना सात पंखे टांगले होते. इंजिनाला नियम आहेत. पंखा, म्हणजे प्रोपेलर, कोणता लावायचा त्याला बरीच मोकळीक आहे. वारा असेल तर हा, पाणी सपाट असेल तर तो, आणि हा एक अजून कळलेला नाही पण गेल्या वर्षीच्या विजेत्याकडे असाच आहे. दार बंद केलं की पैसा खिडकीतून आत येतो. तिथे अशीही माणसं आहेत म्हणे, की ज्यांच्या भिंतीवरच्या पंख्यांत दुसरी बोट आली असती. म्हणजे मनुष्यस्वभाव तिथेही आहेच. फक्त त्याला एका भिंतीपुरतं आवरलंय.

दुसरा प्रश्न याहून अवघड, आणि त्यावर आमच्या घरात दोन रात्री वाद झाला. शर्यत संपली की वरच्या नंबरांची इंजिनं तपासनीस उघडायला लावतात. काठावर एक शेड असते. तिथे घामाघूम विजेता स्वतःच्या हाताने स्वतःचं इंजिन खोलतो, आणि तपासनीस मापं घेत बसतो. मी म्हटलं, "हा कसला आपसातला विश्वास? पाना घेऊन सद्गुण तपासावा लागत असेल तर तो सद्गुण कसला?"

यावर मेहुणे जे खवळले! अडतीस वर्षं लोकांची खाती तपासलेला माणूस. ते म्हणाले, "ऑडिट म्हणजे संशय नव्हे. खातं तपासलं की प्रामाणिक माणूस मोकळा होतो. नाही तर जिंकल्यावर लोक पाठीमागे बोलणार, आणि त्याला ते कधी खोडताच येणार नाही. माझ्या मुलाचं इंजिन उघडलं तेव्हा मला बरं वाटलं."

"हो का?" ताई आतून म्हणाली. "मग चाळीस वर्षं मी किराण्याचा हिशेब दाखव म्हटलं की तुम्हाला राग का यायचा, ते सांगा."

मेहुण्यांना ते सांगता आलं नाही. पण शेडमध्ये त्यांचा मुक्काम असतो हे खरं. तपासनीसाच्या मागे हात बांधून उभे राहतात. त्यांना इंजिनातलं काही कळत नाही. पण तपासणीतलं सगळं कळतं.

यावर भाच्याने एक जपानी दाखला दिला. त्याचं इंजिन यामातो नावाचं आहे, जपानी बनावटीचं. जपानात १९५२ सालापासून अशाच गुडघे टेकून चालवायच्या बोटींच्या शर्यती चालतात, पण त्यांवर लोक रीतसर पैसे लावतात. तिथे चालकाला स्वतःचं इंजिन आणताच येत नाही. त्याच्या नावाने इंजिनाची चिठ्ठी निघते. जे नशिबी आलं ते घ्यायचं, त्याची निगा राखायची, आणि पळायचं. शिवाय शर्यतींचे दिवस संपेपर्यंत चालकांचे फोन काढून घेऊन त्यांना वसतिगृहात ठेवतात, बाहेरच्या कोणाशी बोलणं नाही. म्हणजे जिथे पैसा लागलेला आहे तिथे माणसावर कुलूप, आणि जिथे नुसता प्लॅस्टिकचा चषक आहे तिथे इंजिनावर पाना. मला तिसरी जागा हवी होती, जिथे दोन्हीची गरज नाही. ती भाच्याला ठाऊक नव्हती. मलाही अजून सापडलेली नाही. पण ती चिठ्ठीची गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. आपल्यालाही इंजिन चिठ्ठीनेच मिळतं की! कोणाला मुंबईत वडिलोपार्जित जागा असलेलं मिळतं, कोणाला संधिवाताचं. मिळाल्यावर मात्र ते आपण स्वतः कमावलं असं समजून चालतो.

आता ताईची बाजू. ती ऐकल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही.

भाचा तिला धीर द्यायला केन वॉर्बींची गोष्ट सांगतो. हे वॉर्बी ऑस्ट्रेलियाचे. सिडनीत घरामागच्या अंगणात त्यांनी लाकडी बोट बांधली, हवाईदलाच्या मोडीतलं जेट इंजिन लिलावात ६९ डॉलरना घेतलं, आणि ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ब्लोअरिंगच्या धरणात ताशी ५११ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. २०२३ मध्ये ते वारले तोवर तो कोणाला मोडता आला नव्हता. एकोणसत्तर डॉलर! आमच्या मेहुण्यांच्या रबरी विजारीला याहून जास्त पडले.

पण ताईनेही कुठूनतरी माहिती मिळवलेली होती. ती म्हणाली, "आणि बाकीचे?" बाकीच्यांत डोनाल्ड कॅम्बेल होते. ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधल्या कॉनिस्टन तळ्यावर ताशी तीनशे मैलांच्या वर असताना त्यांची बोट नाकाने उचलली गेली आणि कोलांटी खाऊन पाण्यात आपटली. वॉर्बींचा विक्रम मोडायला निघालेला ली टेलर १९८० साली गेला, क्रेग आर्फन्स १९८९ साली. तिघेही पट्टीचे लोक. "त्यांच्या वहीत हे कुठल्या रकान्यात होतं?" ताईने विचारलं. "तुझी वही मी पाहिली. पेट्रोल आहे, ऑइल आहे, क्लबची वर्गणी आहे. तू पाण्यात असतोस तेवढी दहा मिनिटं मी काठावर कशी असते, ते कुठे लिहिलंयस?"

भाचा म्हणाला की आमचा वेग त्याच्या पाव हिस्सासुद्धा नाही. मूठ दाबून धरली तरच इंजिन जोर धरतं, सोडली की मंदावतं. मनगटाला दोरी बांधलेली असते, माणूस फेकला गेला की दोरी सुटून इंजिन बंद. हे सगळं खरं आहे. पण ताईचा प्रश्न वेगाबद्दल नव्हताच. स्वस्तात हौस करणारा माणूस जे पैसे वाचवतो त्यातले काही दुसऱ्याच्या खात्यातून गेलेले असतात. बायकोचे रविवार, बापाचे गुडघे, आईचा जीव. त्याची पावती कोणी फाडत नाही, म्हणून हौस 'परवडते'. आमच्या वडिलांनी आयुष्यभर फुकट समाजसेवा केली असं सगळे म्हणतात. ती फुकट नव्हती. त्यांच्या प्रत्येक सभेनंतरचा चहा आई पंचवीस माणसांना करत असे.

याबाबतीत सूनबाई शहाणी निघाली. तिने एकही वाद न घालता पहिल्याच दिवशी नियम केला: बोटीवर जेवढा डॉलर जाईल तेवढा माझ्या नावावर वेगळा ठेवायचा. भाच्याचे नवे पंखे घेणं त्या दिवसापासून निम्म्यावर आलं. त्या पैशांचं ती काय करते, म्हणून मी विचारलं. "काहीच नाही मामा. पडून आहेत. बघायला बरं वाटतं," ती म्हणाली.

या साऱ्यात एक दिवस आम्ही सरहद्द ओलांडून कॅनडातल्या नानाइमो गावी जाऊन आलो, कारण भाच्याच्या मते खरी गरिबांची शर्यत तिथली. कॅनडाच्या शंभरीच्या वर्षी, म्हणजे १९६७ सालीच, त्या गावाने आंघोळीच्या टबांची शर्यत काढली. टबाला छोटं आउटबोर्ड लावायचं आणि समुद्रातून पलीकडे व्हँकूव्हरला जायचं. छत्तीसएक मैल. फ्रँक ने नावाचे तिथले नगराध्यक्ष त्यासाठी समुद्री चाच्याचा पोशाख करून हिंडत. पहिल्या वर्षी दोनशेच्या आसपास टब निघाले; पोचले पाव हिश्शाच्या आतबाहेर. आणि जो टब सगळ्यांत आधी बुडेल त्यालाही एक बक्षीस असे. तुंबलेली मोरी मोकळी करायचा तो लाकडी दांड्याचा रबरी पंप असतो ना, तो चांदीच्या रंगाचा. ज्या वर्षी एका शूर पुरुषाने तीनशे मैलांच्या वेगापायी जीव दिला, त्याच वर्षी दुसऱ्या टोकाला माणसं टबात बसून बुडत होती आणि त्याबद्दल बक्षीस घेत होती. शौर्य कोणाचं मोठं ते मला विचारू नका. पण ताईला टबांची हकिगत सांगितली तेव्हा ती पहिल्यांदा हसली, आणि म्हणाली, "हा खेळ चालेल."

तिला अजून एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि ती सांगण्यासाठीच मला मुळात बोलावून घेतलं होतं. भाच्याच्या मुलीलाही, तिच्या नातीला, उतरायचं होतं. वय दहा. तिथे लहान मुलांचा 'जे' नावाचा गट असतो, नवव्या वर्षापासून. मोठ्यांचंच इंजिन, पण श्वास कमी मिळावा म्हणून त्यात आडवी पट्टी घातलेली. वेग ताशी चाळीस मैलांच्या आसपास. बाकी हेल्मेटपासून तपासणीपर्यंत सगळं मोठ्यांसारखं. ताई मला म्हणाली, "तू नाही म्हण. तुझं ऐकतात."

मी रात्रभर विचार केला. आपल्या मुलीला आपण स्कूटरवर मागे बसवून हेल्मेटशिवाय शाळेत सोडत होतो, तेव्हा धोका कोणी मोजला नव्हता. तरी 'आम्ही मोजला नाही म्हणून तूही मोजू नको' हे काही उत्तर होत नाही. शिवाय दहा वर्षांच्या पोरीची हौस ही तिची हौस, की बापाची तिच्या मापाची करून शिवलेली? सकाळी मी तिलाच विचारलं, "तुला का जायचंय गं?" ती म्हणाली, "सुरुवातीसाठी."

सुरुवात म्हणजे काय, तर या शर्यतीत बोटी रेषेवर उभ्या राहत नाहीत. गिअरच नाही तर उभ्या कशा राहणार? काठावर भलंमोठं घड्याळ असतं. शेवटच्या मिनिटाचा काटा फिरू लागतो, बोटी मागे तळ्यात घोंघावत फिरत असतात, आणि काटा शून्यावर यायच्या क्षणी रेषा भरधाव ओलांडायची. क्षणभर आधी ओलांडली तर बाद. क्षणभर नंतर ओलांडली तर पुढच्यांचं पाणी तोंडावर. "सगळ्यांनाच आधी जायचं असतं ना, पण जायचं नसतं," ती म्हणाली. "ते मला जमतं."

मी ताईला सांगितलं की मी नाही म्हणणार नाही. ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तळ्यावर आली, पाठ करून खुर्चीत बसली, आणि घड्याळ सुरू झालं तेव्हा वळली.

हवेत ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा वास होता. आमच्या जुन्या स्कूटरचा अगदी. मेहुणे कंबरभर पाण्यात. भाच्याने दोरी ओढली, मेहुण्यांनी शेपटी सोडली, आणि एक नारिंगी हेल्मेट बोयांच्या पलीकडे लहान होत गेलं. सात बोटी होत्या. पहिल्या फेरीत ती पाचवी आली, दुसरीत चौथी. ताईच्या हातातली स्मरणी दोन्ही फेऱ्यांत एकाच मण्यावर होती.

संध्याकाळी शेडमध्ये पहिल्या तिघांची इंजिनं उघडली गेली. मेहुणे अर्थात तिथेच होते. जरा वेळाने नात त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, ओल्या केसांनी, हेल्मेट काखेत धरून. तपासनीस एकेक भाग पुसून मापत होता. तिने तिन्ही इंजिनं संपेपर्यंत वाट पाहिली, मग आजोबांची बाही ओढली.

"आबा, माझं का नाही उघडत?"